तंबूमागचे साडेतेवीस तास

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना सर्कशीला नेऊ या, असं आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी सुचवलं. दहाच मिनिटांत चौथ्या मजल्यावरच्या काकांचा निरोप आला : "प्राणीच नाहीत तर सर्कशीत बघायचं काय? त्यापेक्षा कात्रजला प्राणिसंग्रहालयात न्या." त्यावर चार अंगठे. मग एका ताईंनी लिहिलं, मुक्या जिवांचे हाल करून पैसे मिळवणारा धंदा बंद पडला तर बरंच झालं. त्यांनाही अंगठे. नीट पाहिलं तर त्यातले दोन अंगठे दोन्हीकडे होते.

पुण्यात सर्कशीवरचा वाद बहुधा असाच पेटतो आणि असाच विझतो. एका बाजूला लहानपणच्या आठवणी, दुसऱ्या बाजूला कळवळा. रिंगणात नसतो तेव्हा तो प्राणी कुठे असतो, हा प्रश्न मात्र दोघांनाही पडत नाही.

काकांचं म्हणणं आधी घेतो, कारण ते वाटतं तितकं उथळ नाही. सर्कस जन्मली तीच घोड्याच्या पाठीवर. 1768 मध्ये लंडनला फिलिप ॲस्ली नावाच्या माजी घोडदळ सैनिकाने गोलात घोडे पळवून कसरती दाखवायला सुरुवात केली. दौडत्या घोड्याच्या पाठीवर उभ्या माणसाला तोल सांभाळता यावा असा घेर शोधता शोधता 42 फुटांचं रिंगण ठरलं, आणि जगभरच्या सर्कशींनी तेच माप उचललं. म्हणजे आज ज्या रिंगणात एकही घोडा नाही, त्याचंही माप घोड्याचंच आहे. आपल्याकडचे विष्णुपंत छत्रेही मुळात घोड्यांचे जाणकार, कुरुंदवाड संस्थानच्या पागेवरचे. मुंबईला आलेली कियारिनीची इटालियन सर्कस त्यांनी पाहिली, ती त्यांच्या मनाला लागली, आणि 20 मार्च 1880 रोजी त्यांनी मुंबईत स्वतःच्या सर्कशीचा पहिला खेळ लावला. (हेच छत्रे रहिमतखाँसारखा गवई सर्कशीबरोबर सांभाळत गावोगाव फिरले. एका तंबूत सिंहाची डरकाळी आणि खाँसाहेबांचा ख्याल! असला माणूस पुन्हा झाला नाही.) पुढे म्हैसाळचे देवल आले, कार्लेकर आले, शेलार आले. 1902 साली पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे नातेवाइकाच्या सर्कशीत पोरवयात शिरले आणि थेट अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीच्या पिंजऱ्यात वाघ, सिंह, बिबळे एकत्र खेळवू लागले. सर्कस हा मराठी माणसाचा खराखुरा उद्योग होता. त्याच्याबद्दल अभिमान वाटतो म्हणणाऱ्याला नाक मुरडायचं कारण नाही.

धोत्र्यांचं त्यांच्या जनावरांवर प्रेम होतं, यावरही मी शंका घेणार नाही. सर्कशीत उभं आयुष्य काढलेल्या माहुतांचं आणि ट्रेनरांचं असतंच. पण प्रेम आहे की नाही यावर हा वाद लढवला, की तो कधीच संपत नाही. मालक म्हणतो, मारून जनावर शिकत नाही, खाऊ देऊन शिकतं. प्राणिमित्र म्हणतात, अंकुशाच्या टोकाशिवाय हत्ती डोक्यावर उभा राहत नाही. शिकवणं बंद दाराआड चालतं, तिकीट काढणाऱ्याला ते दिसत नाही. मग ज्याचा जसा स्वभाव तसा त्याने विश्वास ठेवायचा. म्हणून माझं म्हणणं असं की शिकवण्याचा वाद घटकाभर बाजूला ठेवा. दिवसाला तीन खेळ, एकेका खेळात जनावराची फार तर दहा मिनिटं. म्हणजे अर्धा तास झाला. उरलेल्या साडेतेवीस तासांचं बोलू.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आजोबांनी नदीपात्रात लागलेल्या एका सर्कशीला नेलं होतं. खेळ सुरू व्हायच्या आधी मला लघवीला लागली, म्हणून ते मला तंबूच्या मागे घेऊन गेले. तिथे दोन हत्ती उभे होते. पुढचा एक पाय आणि मागचा एक पाय साखळदंडाने खुंटाला बांधलेला. खाली ओला चिखल, त्यात लीद आणि मूत मिसळलेलं. दोघांतला एक सारखा डुलत होता. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. सोंड त्याच तालात. "बघ, बँडची वाट बघतोय गडी," आजोबा म्हणाले. मला ते फार आवडलं. घरी आल्यावर मी आईला तसं डुलून दाखवलं. बँड वाजत नव्हता, हे माझ्या लक्षात यायला पुढची वीस वर्षं जावी लागली.

असं डुलणं जंगलातल्या हत्तीत दिसत नाही. एका जागी बांधलेल्या हत्तीत ते सर्रास दिसतं. रानातला हत्ती दिवसाचे सोळा-सतरा तास चरतो, चरता चरता मैलोन् मैल चालतो, दीडशे किलोच्या आसपास चारा पोटात घालतो. हत्तीण आई, मावश्या, बहिणींच्या कळपात जन्म काढते. एवढं सगळं करायला घडवलेलं शरीर आणि डोकं दोन साखळ्यांत अडकवलं, की उरते फक्त ती हालचाल. आणि पाय. हत्तीच्या तळव्याला मऊ माती लागते, चालणं लागतं. ओल्या नाहीतर कडक जमिनीवर तासन् तास उभं केलं की नखं फुटतात, तळवे सडतात. बंदिवासातल्या हत्तीचा अंत पुष्कळदा पायापासूनच सुरू होतो. यात कुणी चाबूक उगारावा लागत नाही. माहूत देवमाणूस असला तरी हे होतंच.

एखादं प्राणिसंग्रहालयही वाईट असू शकतं, असतंही. पण ते वाईट असलं तर उद्या सुधारता येतं : खंदक वाढवा, झाडं लावा, तळं खोदा, डॉक्टर नेमा. पुण्याने हे केलेलं आहे. सारसबागेजवळच्या पेशवे पार्कातले पिंजरे अपुरे पडू लागले, तेव्हा जनावरं कात्रजला नेली. 1999 मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उघडलं, त्याला सुमारे 130 एकर जागा आहे. फिरत्या तंबूत असं काही करताच येत नाही. जे काही करायचं ते महिन्या-दीड महिन्यात उपटून ट्रकमध्ये मावलं पाहिजे, म्हणून पिंजरा ट्रकच्या मापाचा. सर्कस फिरते म्हणूनच ती सर्कस आहे, आणि ती फिरते म्हणूनच जनावराला तिथे घर मिळू शकत नाही. सगळ्यात चांगल्या मालकालाही हा पेच सुटणार नाही.

फिरण्याचा आणखी एक परिणाम कागदावर होतो. आज पुण्यात एखाद्याने तक्रार केली, पशुवैद्यकाने तपासणी केली, नोटीस निघाली, तोवर तंबू सोलापूरला पोचलेला असतो. तिथला डॉक्टर नवा, अधिकारी नवा, जुना रोग मात्र तोच. एका जागी राहणाऱ्या गुन्ह्यालाही आपल्याकडे तारखांवर तारखा पडतात, इथे तर गुन्ह्याला चाकं आहेत.

कायद्याचा प्रवासही थोडा पाहिला पाहिजे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा 1960 चा. त्याच्या कलम 22 खाली सरकार ठरावीक प्राण्यांच्या खेळांवर बंदी घालू शकतं. ऑक्टोबर 1998 मधल्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह या पाच प्राण्यांचे खेळ बंद झाले. सर्कसमालक कोर्टात गेले. केरळ उच्च न्यायालयाने 2000 मध्ये त्यांचं म्हणणं फेटाळलं आणि माणसांना मूलभूत हक्क असतील तर प्राण्यांना का नकोत, असा प्रश्न निकालातच विचारला. 1 मे 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही बंदी उचलून धरली. काकांच्या आठवणीतली सर्कस तेव्हा संपली.

पण या यादीत हत्ती नव्हता. घोडा, उंट, कुत्रा, पोपट, पाणघोडा हेही नव्हते. पुढे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने सर्कशींची मान्यता काढून घेत हत्तींचाही मार्ग जवळजवळ बंद केला. सर्कशीत आणि फिरत्या करमणुकीत कुठल्याच प्राण्याचा खेळ नको, असा नियमांचा मसुदा केंद्राने नोव्हेंबर 2018 मध्ये काढला. त्याला पक्क्या नियमाचं रूप देण्याची घाई मात्र कुणाला झालेली दिसली नाही. बाहेर हा प्रश्न अनेकांनी मिटवून टाकलाय. बोलिव्हियाने 2009 मध्येच सगळे प्राणी सर्कशीबाहेर काढले, इंग्लंडने 2019 मध्ये जंगली प्राण्यांपुरता कायदा केला, आणि धोत्र्यांच्या रिंगलिंगने आधी हत्ती काढले, मग 2017 मध्ये तंबूच गुंडाळला, आणि 2023 मध्ये एकाही जनावराशिवाय पुन्हा सुरू केला.

आता ताईंकडे वळतो, कारण कळवळ्याचा हिशोबही कधीतरी मांडायला हवा. वाघ-सिंहांचा खेळ बंद झाला, त्यांचं खाणं थोडंच बंद होणार होतं? सिंहाला रोज पाच-सात किलो मांस लागतं. ज्या जनावराने काल तिकीट विकलं ते आज नुसतं खर्चाचं खातं झालं, आणि मालकाने त्याच्यावर काय खर्च केला असेल ते सांगायला नको. त्यांना ठेवायला पुढे देशात बचाव केंद्रं उभी राहिली. सर्कशीतले सिंह बहुतांशी आशियाई आणि आफ्रिकी असे मिश्र रक्ताचे, त्यामुळे त्यांची पैदास करायची नाही, मरेपर्यंत सांभाळायचं, असं धोरण ठरलं. ते बरोबरच होतं. पण मरेपर्यंत सांभाळणं म्हणजे दहा-पंधरा वर्षं. हत्तीच्या बाबतीत चाळीस. जीव 'वाचवल्यावर' काय करावं लागतं हे पुणे जिल्ह्याला शिकवायची गरज नाही, जुन्नरजवळ माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. उसात पकडलेला बिबट्या परत सोडता आला नाही की तो तिथे जन्मभर राहतो. त्याला रोज मांस, डॉक्टर आणि जागा लागते, आणि अंगठा दाबून यातलं काहीच मिळत नाही.

डेन्मार्कने 2019 मध्ये काय केलं ते बघा. देशातल्या सर्कशींत शेवटचे चार हत्ती उरले होते. सरकारने ते 1 कोटी 10 लाख क्रोनर मोजून मालकांकडून विकत घेतले. बंदी घालणाऱ्यानेच खिशात हात घातला. आपण अधिसूचना काढली आणि बचाव केंद्रं उभी राहीपर्यंतचा खर्च मालक, माहूत आणि जनावर या तिघांवर सोडून दिला.

या सगळ्यात मला सर्वांत खुपते ती एक गोष्ट आहे. आपले प्राणिप्रेम नेमकं कुणावर कडक होतं? सगळ्यात आधी अस्वलवाला दरवेशी, गारुडी आणि माकडवाला गेले. वन्यजीव कायदा 1972 चा. देशातलं शेवटचं नाचरं अस्वल 2009 मध्ये मोकळं झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. नाकातून दोरी ओवलेलं अस्वल पुन्हा आळीत यावं असं मला वाटत नाही. आगऱ्याच्या बाजूला अस्वलं नाचवणाऱ्या काही कलंदर कुटुंबांना दुसरा धंदा लावून दिला गेला, पण आपल्या वाड्यांत येणारा दरवेशी पुढे काय करू लागला, हे आपल्यापैकी कुणी विचारलं होतं? दुसरा नंबर सर्कशीचा. ती अगदीच गरीब नव्हती, पण फिरत्या माणसाला मतदारसंघ नसतो. त्यानंतर जुलै 2011 मध्ये त्याच कलम 22 च्या यादीत बैल आला आणि तिथे गाडी अडली. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ, शिरूर, म्हणजे आपल्या शहराभोवतीचे हे तालुके बैलगाडा शर्यतीचे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, 2017 मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला, डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने त्या पुन्हा सुरू करू दिल्या आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. शर्यतीच्या बाजूने बोलणारे म्हणतात, आमचा बैल घरच्या लेकरासारखा असतो. असेलही. धोत्र्यांचा बिबळ्याही होता. बैलाच्या बाजूने आमदार उभे राहिले, बिबळ्याच्या बाजूने कोण उभं राहणार?

आणि नांदणीची माधुरी. जुलै 2025 मध्ये ही हत्तीण तिथल्या जैन मठातून गुजरातला वनतारा या खासगी प्राणी केंद्रात गेली तेव्हा कोल्हापूर जिल्हा रस्त्यावर आला. लोकांच्या डोळ्यांत खरं पाणी होतं. त्या पाण्याची टिंगल पुण्यातल्या काही शहाण्यांनी केली, ती मला आवडली नाही. तीन दशकं दारात असलेल्या जिवाशी गावाचं नातं असतं. पण त्या रडण्यात कुणी तिच्या पायांबद्दल बोललं नाही. संधिवाताचे, पायाच्या जखमांचे अहवाल न्यायालयापुढे होते. उच्च न्यायालयाने तिच्या चांगल्या जगण्याच्या हक्काला मठाच्या वापरापेक्षा वरचं स्थान दिलं. दुसरीकडे ज्यांनी तिला नेलं त्यांच्यावर गावाचा विश्वास बसेल असं काही आधी झालं नाही, हेही खरं. तिथेही साडेतेवीस तासांचाच प्रश्न होता. मिरवणुकीतला हत्ती सगळ्यांनी पाहिला होता. उरलेल्या वेळी काँक्रीटवर उभा असलेला हत्ती गावाला रोज दिसत होता, म्हणूनच दिसत नव्हता.

सर्कशीतल्या कुत्र्यांचं वेगळं आहे, असं मला वाटतं, आणि माझे प्राणिमित्र स्नेही इथे माझ्यावर चिडतात. कुत्रा माणसाबरोबर फिरायला तयार असतो, त्याला शिकायला आवडतं, बिस्किटाच्या तुकड्यावर तो खरोखर शिकतो. पाळणाऱ्याच्या राहुटीत झोपणारा, वर्षाला लस टोचून घेणारा कुत्रा चेंडू ढकलत असेल तर माझी झोप उडत नाही. पण पंख छाटलेला पोपट छोटी सायकल चालवतो तेव्हा उडते. त्याचे साडेतेवीस तास हातभर पिंजऱ्यात जातात. घोड्याचं या दोघांच्या मधे कुठेतरी. घोड्याबद्दल मात्र पुणेकरांनी जरा दमाने बोलावं. डीपी रस्त्यावरच्या लॉनपुढे डिसेंबरात उभे राहा. बँड, डीजे, फटाक्यांची माळ, डोळ्यांत घुसणारे दिवे आणि या सगळ्याच्या मधोमध शेरवानीतला नवरदेव पाठीवर घेऊन उभी असलेली घोडी. तिथे नाचणाऱ्या वऱ्हाड्यांतच कालचे सर्कसविरोधी अंगठे असतात.

म्हणून मला यादी बदलायची नाही, कसोटी बदलायची आहे. वाघ रुबाबदार म्हणून वाचला, पोपट किरकोळ म्हणून राहिला, बैल आपला म्हणून सुटला, असं नको. ज्या जनावराला ट्रकच्या मापात, महिन्या-महिन्याला नव्या मैदानात, त्याच्या जातीला साजेसं चालता, उडता, कळपात राहता येत नाही, ते फिरत्या तंबूत नको. या कसोटीवर हत्ती, उंट, पाणघोडा आणि पक्षी एका दिवसात बाहेर पडतात. 2018 चा मसुदा त्यासाठी पुरे आहे. पण त्याला एक जोड हवी. उरलेल्या प्रत्येक जनावराची नोंद, त्याला कुठे ठेवणार, मरेपर्यंतचा खर्च कोण देणार, आणि त्याच्या माहुताला त्याच केंद्रावर पगारी काम मिळणार की नाही, हे बंदीच्या त्याच कागदावर लिहिलेलं असावं. वीस वर्षं एका हत्तिणीला अंघोळ घालणाऱ्या माणसाला तिच्या पायाची जखम वासावरून कळते. त्याला हाकलून द्यायचं आणि मग नवी भरती करायची, हा निव्वळ येडेपणा आहे.

आणि सर्कशीचं काय? एप्रिल 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत लहान मुलं नकोत असं सांगितलं. तेही योग्य झालं, पण झुल्यावरचा कलावंत लहानपणापासून घडवण्याची जुनी रीत त्याबरोबर संपली. जनावरं गेली, मुलं गेली, दोन्ही वेळा कारण न्याय्य होतं, आणि दोन्ही वेळा समाजाने सर्कशीकडून फक्त काढून घेतलं. केरळमध्ये निवृत्त सर्कस कलावंतांना राज्य सरकार पेन्शन देतं. छत्र्यांच्या महाराष्ट्रात आपण त्यांच्यावर एखादा लेख लिहितो. 1991 मध्ये सुरू झालेली रॅम्बो सर्कस पुण्याची, पण पुण्यात तंबू ठोकायचा तर जागा कुठे आहे? पूर्वीच्या मैदानांवर आता पार्किंग आहे, मेट्रोचे खांब आहेत, लॉन आहेत. लग्नाच्या आणि सेलच्या भाड्यात सर्कस बसत नाही. दीडशे-दोनशे माणसांचं बिऱ्हाड महिनाभर एका जागी राहायचं तर पाणी, वीज, संडास, सगळ्याचे पैसे वेगळे.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या सर्कशीत एकही जनावर नाही, तिला महापालिकेने वर्षातून दोन महिने सवलतीच्या दरात एक मैदान द्यावं, पाणी आणि अग्निशमनाची परवानगी एकाच खिडकीवर द्यावी. नाटकाला आपण थिएटरं बांधून देतो, तमाशाला अनुदान देतो. 42 फुटांचं रिंगण एवढं काही महाग नाही. जनावरं काढा म्हणणाऱ्या प्रत्येक संस्थेने या मागणीवर सही करायला हवी. त्यांच्यातल्या काहींनी ती केली तर मला आनंद होईल, पण पैज लावणार नाही.

आमच्या ग्रुपमधून शेवटी अकरा तिकिटं काढली. ताई आल्या, दोन नातवंडांना घेऊन. काका आले नाहीत. मध्यंतरात मुलांबरोबर तंबूच्या मागे गेलो तर तिथे दोरीवर कपडे वाळत होते, आणि झुल्यावरची एक मुलगी स्टुलावर बसून टाचेला पट्टी गुंडाळत होती. ताईंनी तिला विचारलं, "दुखतंय का गं?" ती म्हणाली, "रोजचंच आहे, मावशी."